मशीन अजून घेतलेलं नाही

९ जानेवारी

नाही, नाही घेतलं अजून. आणि घेतलं तर तुम्हाला कळणार नाही होय? एवढा मोठा खोका दारातूनच येणार, पदराखालून थोडाच आणणार आहे मी!

समोरच्या इस्त्रीवाल्याला आज असं सुनावलं. रोज विचारतो, "काकू, आलं का नवं मशीन?" जसं काही त्याच्या पोरीचं लग्न माझ्या मशीनवाचून अडलंय. त्याला सांगितलं, मग भाच्याला सांगितलं, भाचेसुनेला सांगितलं, आणि संध्याकाळी थेट कॉम्प्युटरवाल्याच्या दुकानात जाऊन त्यालाही तेच सांगितलं. नाही घ्यायचं, आत्ता नाही घ्यायचं.

कॉम्प्युटरवाल्याचं आईबापांनी काहीतरी चांगलं नाव ठेवलं असणार, मी त्याला थांबाशेठ म्हणते. कधीही जा, तो म्हणतो "थांबा मामी. पुढच्या महिन्यात व्हिडिओचं नवीन कार्ड येतंय. ते आलं की आत्ताच्याचा भाव पडेल." पुढच्या महिन्यात गेलं की त्याच्याही पुढचं काहीतरी येत असतं. दारात आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार सगळ्या जगात हा एकच. आज परत पाठवताना ही डायरी दिली फुकट, वर त्याच्या दुकानाचं नाव. म्हटलं, चला, मशीन नाही तर मशीन का नाही ते तरी लिहून ठेवू. गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकले, अक्षर बरं आहे माझं. निदान मास्तर तसं म्हणायचे. तेव्हा त्यांना कमी दिसायचं, ती गोष्ट वेगळी.

माझा धंदा लग्नाचे व्हिडिओ कापायचा. एडिटिंग म्हणतात, मी कापाकापी म्हणते. लोक दिवसभर हसतात, रडतात, जेवतात, पोरं पाय आपटतात. ते सगळं कॅमेऱ्यात भरून माझ्यापुढे येतं, आणि मी त्यातलं दीड तासाचं ठेवते. आमचे हे होते तेव्हा ते कापायचे आणि मी शेजारी बसून टोमणे मारायचे. ते गेले, टोमणे मारायला कुणी उरलं नाही, मग मीच खुर्चीत बसले. त्याला सहा वर्षं झाली.

१५ जानेवारी

भाचा म्हणजे ह्यांच्या बहिणीचा मुलगा. शूटिंग तो करतो. उंच, काटकुळा, लग्नात दिवसभर कॅमेऱ्यामागे हलत नाही. मी त्याला तिपाई म्हणते, कॅमेऱ्याखाली उभी करतात ती. एकदा एका म्हाताऱ्याने खरंच त्याच्या डोक्यावर टोपी अडकवून ठेवली होती, खुंटी समजून. हे मी सगळ्यांना सांगते. तो म्हणतो असं कधी झालंच नाही.

तिपाईने नवा कॅमेरा घेतल्यापासून घोडं अडलंय. त्यातलं चित्र एवढं जड की आमच्या जुन्या मशीनला पेलवत नाही. नवरी हात वर करते तो मध्येच थांबतो, मग एकदम खाली येतो. नवरा घास घेतो तो तोंडापर्यंत पोचतच नाही, बिचारा उपाशी.

"मामी, आता घेऊनच टाकू," तिपाई म्हणाला.

"थांबाशेठ थांब म्हणतोय."

"तो जन्मभर म्हणेल. तुला काम करताना त्रास होतो ते दिसतंय ना मला."

"मला कसला त्रास? त्रास मशीनला होतो. म्हातारं झालंय, तुझ्या मामासारखं उन्हात टाकून ठेवलं की होईल बरं."

तो हसला नाही. हल्ली हसत नाही फारसा.

त्याची बायको बाजूच्या स्टुलावर बसली होती. हिचा चष्मा बाटलीच्या बुडाएवढा जाड, म्हणून ती चष्मिस. लग्न होऊन आली तेव्हा कॉम्प्युटर कुठून चालू करतात तेही माहीत नव्हतं. गेल्या वर्षी दोन-तीन दिवस माझ्या खुर्चीत काय बसली, आता म्हणते, "मामी, मला शिकवा ना." मी म्हटलं, "बाई गं, आधी मला सांग, माझं तोंड कुठल्या बाजूला आहे ते दिसतंय का तुला?" गप्प बसली. ही एक गप्प बसायची कला आहे तिच्याकडे. गप्प बसते आणि बघत राहते. मला ते आवडत नाही.

पण शिकवलं थोडं. ह्यांनी मला शिकवलं तेच. माणूस बोलत असला तर वाटेल तिथे कापायचं नाही. त्याच्या पापणीकडे बघायचं. पापणी मिटली की काप. बघणाऱ्याची पापणी पण तेव्हाच मिटते, त्याला कळत नाही की इथे कात्री लागली. हे म्हणायचे, "लोकांच्या पापणीआड कापतो आपण." चष्मिसने वहीत लिहून घेतलं. मी म्हटलं, वहीत काय लिहितेस, वहीला पापणी असते का?

३ फेब्रुवारी

आज घरात तमाशा झाला. पंधरा दिवसांपूर्वी जो व्हिडिओ दिला होता, त्या नवरीची आई आली. आली म्हणजे पाय आपटत आली, पेन ड्राइव्ह मुठीत धरून, जसं काही त्यात विंचू आहे.

"लावा हे. लावा आणि बघा."

लावलं. नवरी सासरी निघायचा प्रसंग. पोरगी आईच्या गळ्यात पडून रडतेय, मागे बाप डोळे पुसतोय. मी स्वतः कापलेलं. गाणं इतकं बरोबर बसलंय की दगडाला पाझर फुटावा.

"छान आहे की," मी म्हटलं.

"छान? डावीकडे बघा!"

मी बघितलं. नवरीकडेच बघत राहिले. तेवढ्यात चष्मिसच्या तोंडून "अगं बाई" निघालं आणि तिने तोंडावर हात धरला. तिपाईने कपाळाला हात लावला. मग मी खुर्ची फिरवून नीट बघितलं. डावीकडे कोपऱ्यात नवरीच्या काकांनी कवळी काढून हातात घेतली होती आणि काडीने तिच्यातलं काहीतरी कोरत होते. चांगलं निवांत, सबंध रडारड संपेपर्यंत.

मला हसू आवरेना. मी म्हटलं, "बाई, सगळं घर रडतंय आणि एक माणूस कामात आहे, चांगलंच आहे ना!"

"माझे दीर आहेत ते. सगळ्या नातेवाइकांनी बघितलं. तुम्हाला दिसलं नाही?"

"ह्या पडद्याची डावी बाजू काळपट झालीये," मी म्हटलं. "जुनं मशीन. दिसतच नाही त्याच्यावर काही."

"नाचता येईना अंगण वाकडं," बाई म्हणाली आणि उरलेले पैसे देणार नाही म्हणून निघून गेली. जाता जाता इस्त्रीवाल्याला सगळी कहाणी सांगून गेली, म्हणजे आता गावभर झालीच.

तिपाईने फडकं घेतलं. पडद्याजवळ गेला, डाव्या कोपऱ्यावरून फडकं फिरवलं, मागे सरकून बघितलं, पुढे येऊन बघितलं. मग म्हणाला, "हो, मामी. काळपट झालाय खरा."

बघ! त्यालाही दिसलं.

४ फेब्रुवारी

मशीनला आता वेडही लागलंय. आज चालू केलं तर पडद्यावरचा बाण एवढा मोठा, अंगठ्याएवढा, वर पिवळाधमक. मी ओरडले, "अगं हे काय झालं?" चष्मिस म्हणाली, "आपोआप झालं असेल, मामी. राहू दे ना, छान दिसतो." की-बोर्डवर पण तिने कसल्या टिकल्या चिकटवल्यात, बोटाला लागतात. म्हणे शोभेला. पोरांना कशाची हौस असेल सांगता येत नाही.

राहू दिला बाण. खरं म्हणजे बरा पडतो.

१८ फेब्रुवारी

आज आम्ही तिघं थांबाशेठकडे गेलो. रस्त्यात चष्मिस सारखी माझ्या डाव्या बाजूला यायची. मी उजवीकडे सरकले की ही पुन्हा फिरून डावीकडे. म्हटलं, "काय गं, शेळी वळवतेस का?" तर म्हणे, "ऊन लागतं मला तिकडून." ऊन दुसऱ्याच बाजूला होतं.

दुकानात आज नवलच घडलं. थांबाशेठ म्हणाला, "मामी, आता थांबू नका."

मी खुर्चीतच बसले. "काय म्हणालात?"

"मेमरीचा भाव रोज चढतोय. महिनाभर थांबलात की आत्ताच्या पैशात अर्धी मिळेल. घ्यायचं तर आज घ्या."

वर्षभर हा माणूस थांबा थांबा म्हणत होता तेव्हा आम्ही थांबलो. आज घ्या म्हणतोय. तिपाईचे डोळे लकाकले, हात खिशाकडेच गेला.

मग मी बोलायला सुरुवात केली. मी बोलले की ह्या दोघांना जागाच राहत नाही. म्हटलं, भाव चढतो तो उतरतोही. म्हटलं, आत्ता हातात काम किती, दोन लग्नं आणि एक निरोप समारंभ, त्याला एवढं मशीन म्हणजे उंदीर मारायला तोफ. म्हटलं, नवीन कार्ड येणार होतं त्याचं काय झालं? थांबाशेठ म्हणाला ते येईल उन्हाळ्यात. मी म्हटलं, मग तेव्हाच बघू, शेठ तुम्हीच शिकवलंय आम्हाला.

"मामी, मशीन चांगलं असतं तर ती बाई ओरडून गेली नसती," तिपाई म्हणाला.

"एक बाई गेली."

"एक नाही. मे महिन्यातल्या त्या दोन तारखा होत्या ना आपल्या, त्यांनीही दुसरीकडे दिल्या."

हे मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "जाऊ देत. लग्नं मोडत नाहीत, फक्त शूटिंगवाले मोडतात."

चष्मिस सगळा वेळ माझ्याकडे बघत होती. परत येताना ती हळूच म्हणाली, "मामी, तुम्हाला मशीन नकोच आहे का?"

मी म्हटलं, "मला नवरा हवाय, मिळतो का तिथे?"

घरी आले आणि दार लावून खुर्चीत नुसतीच बसले. मशीन चालूच केलं नाही.

७ मार्च

एक चांगली गोष्ट झाली ती लिहायला हवी, म्हणजे डायरी अगदीच रडकी होणार नाही.

काल मी निरोप समारंभाचा व्हिडिओ कापत होते. शाळेतल्या शिपायाचा निरोप. माणूस चांगला बोलला, चाळीस वर्षं घंटा वाजवली, आता हात रिकामे कसे ठेवू म्हणाला. मला कापताना सारखं वाटत होतं की जमत नाहीये. कापायला जायचे तर त्याची पापणी मिटून उघडलेली असायची. मशीन अडखळतं ना, त्यात नेमकी जागा सापडत नाही. चिडून तसंच ठेवून झोपले.

आज सकाळी लावून बघितलं तर लोण्यासारखं! एकही झटका नाही. शिपाई बोलतो, गप्प होतो, पोरं टाळ्या वाजवतात, आणि सगळं बरोबर जागच्या जागी. म्हणजे मी उगीच काळजी करत होते. हाताला सवय आहे, बाकीचं काय एवढं.

तिपाईला बोलावून दाखवलं. "बघ, हे म्हातारं मशीन आणि ही म्हातारी! लागतं का नवं काही?"

"छान झालंय मामी," तो म्हणाला आणि बायकोकडे बघितलं.

तिचे डोळे लालभडक होते, चष्म्यातून अजूनच मोठे दिसत होते. जांभयांवर जांभया. मी म्हटलं, "काय गं, रात्रभर फोनवर माहेरच्यांशी बोलत होतीस वाटतं?" तर म्हणे हो. निदान खरं तरी बोलली.

२२ मार्च

मी आज वाईट बोलले. लिहून ठेवते.

स्टुलाला अडखळून पडले. गुडघा फुटला, चांगलं रक्त आलं. स्टूल नेहमी भिंतीशी असतं, आज खुर्चीच्या डाव्या हाताला होतं, कारण चष्मिस तिथेच बसली होती शिकायला आणि पाणी आणायला उठली होती. ती धावत आली. मी तिला हात लावू दिला नाही.

"मुद्दाम ठेवलंस ना वाटेत?" मी म्हटलं. "मी पडले की खुर्ची रिकामी. सरळ सांग ना तुला बसायचंय म्हणून!"

"मामी, नाही हो..."

"तुझ्या डोळ्यांवर दोन दोन काचा. तुला नवऱ्याचं तोंड चष्म्याशिवाय ओळखता येत नाही, तू काय कापणार? आंधळीला कात्री द्यायची का मी?"

तिपाई दारात होता. असा कधी बोलला नव्हता तो माझ्याशी. "मामी, पुरे," एवढंच म्हणाला. पण माझ्या नवऱ्याच्या आवाजात म्हणाला. तोच वरचा सूर, तीच शेवटची अक्षरं खाऊन टाकायची सवय.

चष्मिसने गुडघा धुतला, पट्टी बांधली. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि नळ बराच वेळ चालू होता.

२३ मार्च

स्टूल परत भिंतीशी. ती आली नाही आज.

खुर्ची माझीच आहे. बसले, दिवसभर बसले. एका नवरीच्या चेहऱ्यावर पापणी शोधत होते. चेहरा आहे, टिकली आहे, ओठ हलतात. पापणी कुठे मिटते तेच सापडेना. मशीनला शिव्या घातल्या. मशीन काय, गाढव आहे, उलटून बोलत नाही.

५ एप्रिल

तिपाईने मोटारसायकल विकली.

मला सांगितलंही नाही. सकाळी खांद्यावर कॅमेऱ्याची पिशवी आणि हातात खरीखुरी तिपाई घेऊन चालत निघाला तेव्हा कळलं. मी खिडकीतून ओरडले, "गाडी कुठंय?"

"दिली."

"कुणाला?"

"घेणाऱ्याला. मामी, आत येऊन बोलतो."

आत येऊन बोलला तो असा. मशीन सांगितलंय. थांबाशेठने मेमरी जुन्या भावाने ठेवली होती म्हणे बाजूला, आपल्यासाठी. मोठा पडदा घेतलाय, सगळ्यात मोठा, त्यावर रंग अगदी खरे दिसतात. तारखा गेल्या त्या परत मिळतील. "पुढच्या हंगामात आपण पुन्हा उभे राहू, मामी. तू आहेस म्हणून हे चालतं. मी नुसता शूटिंग करणारा. कापायला तुझ्यासारखा हात अख्ख्या गावात नाही. आता मशीनमुळे अडलं असं व्हायला नको."

मी खूप बोलले. म्हटलं परत कर. म्हटलं थांबाशेठला सांग म्हातारी मेली. म्हटलं गाडीशिवाय लांबची लग्नं कशी करणार. म्हटलं उन्हाळ्यात नवीन कार्ड येतंय.

"मामी, तू भितेस का नव्या मशीनला?" तो म्हणाला. "त्यात काही नाही. ही आहे ना, ती लावून देईल सगळं."

मी म्हटलं, "मी तुझ्या मामाला भ्याले नाही, मशीनला काय भिणार?"

तो हसला. किती दिवसांनी हसला. आणि मला वाटलं आत्ता सांगावं. तो हसतोय तोवर सांगावं. मग त्याने पिशवी खांद्यावर घेतली आणि गेला. पायी.

१२ एप्रिल

आलं.

थांबाशेठ स्वतः घेऊन आला, बरोबर इस्त्रीवाल्याने खोका धरला. दिवसभर जोडाजोडी चालली होती. जुनं मशीन चादरीत गुंडाळून कोपऱ्यात ठेवलंय, जसं काही पाहुणा झोपलाय. पडदा एवढा मोठा की खोलीत खिडकी झाल्यासारखं वाटतं.

"बसा मामी, उद्घाटन तुमच्या हाताने," थांबाशेठ म्हणाला. सगळे माझ्या मागे उभे. तिपाईने तेच लावलं, नवरी सासरी निघते ते, काकांच्या कवळीचं. म्हणाला, "आता सांग, दिसतात का काका?"

मी बघितलं. नवरी दिसत होती, तीही मधली तेवढी. डावीकडे काही नव्हतं. काळं नव्हतं, धुकं नव्हतं, तिथे काही नव्हतंच. मान फिरवली तर दिसतील काका, असं वाटलं. पण सगळे मागे होते, आणि मान फिरवली की कळलं असतं.

"वा!" मी म्हटलं. "काय लख्ख दिसतंय! काकांचे दात मोजून घ्या!"

थांबाशेठ हसला. इस्त्रीवाला हसला.

"मामी," चष्मिस माझ्या कानाजवळ अगदी हळू म्हणाली, "हा भाग काढलाय त्यातून. मी पुन्हा कापला होता, त्या बाईंना देण्यासाठी. काका नाहीत ह्यात."

तिपाईने ऐकलं. ती कुजबुजली होती, पण तो अगदी तिच्या मागे होता. मला त्याचा चेहरा दिसला नाही. त्याने हात खुर्चीच्या पाठीवर ठेवला होता तो तसाच राहिला.

तेवढ्यात थांबाशेठ म्हणाला, चहा मिळेल का. मी उठून चहा केला. साखर दोनदा टाकली.

१३ एप्रिल

तिपाई सकाळी आला आणि म्हणाला चल डोळ्यांच्या डॉक्टरकडे. मी म्हटलं काही गरज नाही. तो म्हणाला, "औषध चालू असून असं का होतंय ते विचारायला हवं."

इथपर्यंत मी डोळ्यांबद्दल ह्या डायरीत एक अक्षर लिहिलेलं नाही. मुद्दाम नाही लिहिलं. लिहिलं की ते होतं, असं मला वाटायचं. गेल्या वर्षी तपासलं होतं. काचबिंदू म्हणतात. डोळ्यात दाब वाढतो आणि कडेकडेने दिसायचं जातं. दुखत नाही, खुपत नाही. तिपाईच घेऊन गेला होता, आणि दर महिन्याला थेंबांची बाटलीही तोच आणून देतो. त्याला वाटायचं औषधाने थांबलंय. म्हणून दोष मशीनचा असं त्याला वाटलं, आणि मी ते वाटू दिलं. मशीन अडखळतं तोवर माझं अडखळणं त्यात खपून जात होतं. म्हणून मला ते कधीच घ्यायचं नव्हतं, ना भाव पडल्यावर, ना चढण्याआधी.

डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ बघितलं. डावा गेला. उजव्याचा मधला तुकडा उरलाय.

"थेंब रोज टाकता ना?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं.

"मग औषध लागू पडत नाहीये तुम्हाला. होतं असं काहींच्या बाबतीत. शस्त्रक्रिया करू. पण ती उरलेलं राखायला. गेलेलं परत येणार नाही."

परत येताना रिक्षात तिपाई माझा हात धरून बसला होता. पोरगा रडत होता, आणि मला दिसत नाही असं समजून तोंड पुसत नव्हता. म्हणाला, "मामी, तुझं काही चुकलं नाही. तू तर एक दिवस चुकवला नाहीस. नशीबच खोटं आपलं."

मी काही विनोद करायला गेले. सुचला नाही.

२० एप्रिल

ओळी एकमेकींवर चढतायत, चष्मिस वाचेल तर म्हणेल गुंता झालाय. वाचू दे.

नवं मशीन ती चालवते. मी बाजूला स्टुलावर. ती विचारते, "मामी, इथे?" मी म्हणते, "हां, इथे." मला दिसत नसतं. ती मी म्हणायच्या आधीच कापते आणि मग विचारते. कामं मात्र नाहीत. ह्या महिन्यात एकच आहे, तेही लांबचं, गाडीशिवाय तिपाई जाऊ शकत नाही. खोलीत मशीनचा पंखा फिरतो आणि आम्ही दोघी जुनीच लग्नं पुन्हा पुन्हा कापत बसतो, सवय राहावी म्हणून. ती कसली सवय ठेवतेय आणि कशासाठी, मी विचारत नाही.

तिपाई शस्त्रक्रियेसाठी नवा कॅमेरा विकायचं म्हणतोय. कॅमेरा गेला तर मशीनमध्ये घालणार काय? आज तो जेवताना पुन्हा म्हणाला, औषध बनावट तर नसेल, त्या दुकानदाराला जाऊन विचारतो. उद्या जाणार आहे भांडायला. त्या बिचाऱ्या औषधवाल्याला उद्या शिव्या बसणार.

म्हणून लिहिते. आधी इथे लिहिते, मग जमलं तर तो निघण्याआधी तोंडाने सांगेन.

औषध खोटं नव्हतं. मी ते टाकलंच नाही. पहिले काही दिवस टाकलं, मग दर महिन्याला बाटली मोरीत ओतत आले, म्हणजे संपल्यासारखी दिसावी. जळजळतं म्हणून नाही, विसरले म्हणूनही नाही. थेंब टाकले की तासभर धुरकट दिसायचं, आणि त्या तासात काम अडू नये म्हणून चष्मिस माझ्या खुर्चीत बसायची. तिसऱ्या दिवशी मी मागे उभी राहून तिने कापलेलं बघितलं. ती माझ्याहून चांगलं कापत होती. म्हणून मी थेंब टाकायचं सोडलं.